हुकूमनाम्याचा हप्ता आणि न झालेली नोंद

पेरियम्मल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सर्व उच्च न्यायालयांकडून प्रलंबित दरखास्तींचा हिशेब मागवला आणि त्या सहा महिन्यांत निकाली काढण्याचे निर्देश दिले. ऑक्टोबरमध्ये पुढे आलेला आकडा ८ लाख ८२ हजारांहून अधिक होता. त्यांतील ३ लाख ४० हजारांवर दरखास्ती मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रातील आहेत, आणि गोवाही त्याच क्षेत्रात मोडतो. या आकड्यावर बोलणारे दिरंगाईवर बोलतात. दाव्याचा निकाल लागल्यानंतर पैसे किती चुकते झाले, याचाच वाद दरखास्तीत पुन्हा उभा राहतो, त्याची चर्चा क्वचित होते.

समजा, म्हापशातील एका व्यापाऱ्याला डभोईच्या ग्राहकाविरुद्ध ५ लाखांचा हुकूमनामा मिळाला. बडोदे जिल्ह्यातील हे गाव मराठी वाचकाला १७३१ च्या बाजीराव-दाभाडे लढाईमुळे ठाऊक असते. पुढे ते गायकवाडांच्या राज्यात होते. ऋणकोची मालमत्ता डभोईला असल्याने म्हापशाचे न्यायालय हुकूमनामा तिकडे पाठवते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ६ नुसार सोबत एक प्रमाणपत्र जाते. काहीच वसूल झाले नसेल तर तसे, आणि काही वसूल झाले असेल तर किती झाले व किती उरले, हे त्यात लिहावे लागते. ही संहिता गोव्याला लागू करणारा कायदा १९६५ चा आहे. गोव्याचा हुकूमनामा इतक्या सरळपणे गुजरातेत जाऊ शकतो तो त्यामुळे.

आता जप्ती टाळण्यासाठी ऋणको धनकोच्या माणसाच्या हाती १ लाख रुपये ठेवतो. पावती मिळते किंवा मिळतही नाही. दोघांच्या लेखी व्यवहार झाला; न्यायालयाच्या लेखी काहीच घडलेले नाही. न्यायालयाबाहेर दिलेली रक्कम, पूर्ण असो वा अंशतः, धनकोने न्यायालयाला कळवावी, असे नियम २ सांगतो. त्याने न कळवल्यास ऋणकोने नोंदीसाठी अर्ज करायचा असतो, आणि १९६३ च्या मुदत कायद्यातील अनुच्छेद १२५ प्रमाणे त्याची मुदत अवघी ३० दिवस आहे. नोंद न झालेली रक्कम अंमलबजावणी करणारे न्यायालय विचारात घेत नाही. तोच लाख दुसऱ्यांदा भरण्याची पाळी येते. पहिला परत मिळवायचा, तर वेगळा दावा लावण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही.

१९७६ च्या दुरुस्तीने पुराव्याची अटही कडक केली. रक्कम न्यायालयात, मनीऑर्डरने, बँकेमार्फत किंवा लेखी पुरावा राहील अशा रीतीने दिलेली हवी. नाहीतर कागदोपत्री सिद्धता हवी किंवा धनकोची कबुली. बँकेतून वा मोबाइलवरून पाठवलेले पैसे पोहोचल्याचे दिसते, पण ते कशापोटी पाठवले हे उताऱ्यातून कळेलच असे नाही. म्हणून मनीऑर्डरने वा बँकेमार्फत पैसे देणाऱ्याने दाव्याचा क्रमांक, पक्षकारांची नावे आणि रक्कम मुद्दल, व्याज की खर्चापोटी आहे, हे लिहावे, असे नियम १ मध्ये आहे. सर्वांत निर्धोक वाट न्यायालयात भरणा करण्याची. तेथेही धनकोला नोटीस द्यावीच लागते. भरलेल्या रकमेवरील व्याज ती बजावल्याच्या दिवसापासून थांबते.

हिशेबाचा घोळ याहून मोठा. दोन वर्षांचे ६ टक्के दराने सरळ व्याज ६० हजार आणि दाव्याचा खर्च १५ हजार धरू. १ लाख दिल्यावर ४ लाख उरले, असे ऋणको समजतो. पण हुकूमनाम्यात किंवा उभयतांच्या लेखी संमतीत वेगळे ठरलेले नसेल, तर रक्कम आधी व्याज व खर्चात वळती होते आणि मगच मुद्दलात. गुरप्रीत सिंग प्रकरणात (२००६) घटनापीठाने हाच सर्वसाधारण नियम सांगितला. म्हणजे मुद्दलातून फक्त २५ हजार कमी झाले. बाकी ४ लाख ७५ हजार, आणि पुढले व्याज वर्षाला २८ हजार ५००.

धनकोही निश्चिंत राहू नये. साध्या कर्जाचा हप्ता लेखी नोंदीसह आला की मुदत नव्याने सुरू होते, हे व्यापाऱ्यांना माहीत असते. हुकूमनाम्याच्या रकमेला मात्र मुदत कायद्याच्या कलम १९ मधून स्पष्ट शब्दांत वगळले आहे. दरखास्तीची मुदत १२ वर्षे. अधूनमधून पाच-दहा हजार स्वीकारत राहिल्याने ती लांबत नाही.

नोंदीचे ओझे कोणावर, हा खरा प्रश्न आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उसळलेल्या दंग्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे जाळली. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने, शेतकऱ्याने मागितली नाही तरी प्रत्येक भरण्याची लेखी पावती देणे सावकारावर बंधनकारक केले आणि ती न देणाऱ्यास दंड ठेवला. आजच्या नियम २ मध्येही कर्तव्य धनकोचेच आहे, पण ते चुकवल्याबद्दल त्या नियमात शिक्षा नाही. तीस दिवसांची तलवार टांगली आहे ती ऋणकोवर. प्रलंबित दरखास्ती मोजणाऱ्या व्यवस्थेने ही विषमता आधी पाहायला हवी. धनकोने प्रत्येक दरखास्तीसोबत आजवर मिळालेल्या सर्व रकमांचा शपथेवर तपशील द्यावा, एवढा आग्रह न्यायालयांनी काटेकोरपणे धरला तरी बरेच साधेल.

काम आटोपल्यावर डभोईचे न्यायालय कलम ४१ नुसार म्हापशाला अहवाल पाठवील. न नोंदलेला तो लाख त्यात कुठेही असणार नाही.