हातमोजेवाल्याचा पोरगा

शेक्सपिअरची नाटकं शेक्सपिअरनं लिहिलीच नाहीत, हे पटवायला लोक माझ्यापुढे पुरावे मांडतात. मला मात्र त्यांचं मुरडलेलं नाक तेवढं दिसतं. स्ट्रॅटफर्डच्या हातमोजे शिवणाऱ्याचा पोरगा, विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला; त्याला दरबार, कायदा, इटली कुठून कळणार? म्हणजे लिहिणारा कुणी खानदानीच! आधी फ्रान्सिस बेकनला उभं केलं. मग 1920 मध्ये लूनी नावाच्या मास्तरांनी ऑक्सफर्डचा अर्ल एडवर्ड डी व्हिअर शोधून काढला आणि साक्षात फ्रॉइड भुलला. ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. यांनी कूळ आधी ठरवलं, ऋषी मागाहून नेमला.

गवंड्याच्या घरात वाढलेला बेन जॉन्सनही लॅटिन कोळून प्यायला होता. त्याच्या नाटकांसाठी कुणी अर्ल धुंडाळत नाही. का? तो पुरेसा मोठा नाही म्हणून!

डी व्हिअर 1604 मध्ये वारला. 'मॅकबेथ', 'द टेम्पेस्ट' त्यानंतरची. यावर उत्तर तयार असतं: लिहून ठेवली होती, मागून बाहेर काढली. असेल बुवा. पण 'द टू नोबल किन्समेन' शेक्सपिअरनं जॉन फ्लेचरबरोबर लिहिलं. 1634 च्या छापील प्रतीवर दोघांची नावं आहेत. अर्ल गेला तेव्हा फ्लेचर जेमतेम पंचविशीत होता, नाटककार म्हणून त्याचं नाव व्हायचं होतं. सहलेखनासाठी अर्लसाहेब थडग्यातून उठून येत होते काय?

आणि 1600 साली छापलेलं 'मच अॅडो अबाउट नथिंग' यांनी कधी उघडून पाहिलंय? एका प्रवेशात डॉगबेरीच्या संवादांपुढे पात्राचं नाव नाही, चक्क 'केम्प' छापलंय. विल केम्प, शेक्सपिअरच्या नाटक कंपनीतला विदूषक. व्हर्जेसच्या जागी काउली, तोही कंपनीतलाच नट. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पात्राआधी नट उभा होता. पुढे केम्प कंपनी सोडून गेला, रॉबर्ट आर्मिन आला आणि नाटकांतले विदूषकच बदलले: धसमुसळे जाऊन गाणारे, कडवट बोलणारे आले. 'किंग लिअर'मधला फूल त्यांतलाच. कोण सोडून गेलं, कोणाला काय पेलतं, याची खबर ठेवून लिहिणारा माणूस कंपनीतच वावरणारा असणार.

म्हणूनच शेक्सपिअरच्या लेखकपणावर शंका घेणाऱ्या 2007 च्या जाहीरनाम्यामागे डेरेक जेकोबी आणि मार्क रायलन्स दिसतात तेव्हा माझं डोकं फिरतं. दोघेही जातिवंत नट. रायलन्स तर लंडनच्या नव्या ग्लोब नाट्यगृहाचे पहिले कलादिग्दर्शक. केम्पऐवजी त्या पानावर 'रायलन्स' छापलेलं असतं, तर त्यांनी लेखक शोधायला आधी अर्लचा वाडा गाठला असता की तालमीची जागा?