वर्षास एक गाणें

गेल्या पाडव्याच्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर आमच्या घरीं एक टूम निघाली. एकेका वर्षाचें एकच गाणें निवडावयाचें, आणि तेंच कां, हें बाकीच्यांस पटवून द्यावयाचें. गाण्याशीं कोल्हापूरचा कांहीं ना कांहीं संबंध असावा एवढीच अट. लेखणी अर्थातच दादांच्या हातीं.

आरंभ १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून झाला. संगीत गोविंदराव टेंब्यांचें आणि हरिश्चंद्रही तेच, त्यामुळें तेथें वादास जागा नव्हती. वाद पेटला तो पुढच्या पायरीवर. प्रभात कंपनी १९२९ सालीं कोल्हापुरांत निघाली खरी, पण १९३३ सालीं ती पुण्यास गेली. मग १९३६ चा ‘संत तुकाराम’ आपला कसा? हा प्रश्न आमच्या सूनबाईंचा. त्यांचें माहेर पुण्याचें, हें सांगावयास नकोच. दामले आणि फत्तेलाल बाबूराव पेंटरांच्या हाताखालीं येथेंच तयार झाले, या मुद्द्यावर दादांनीं तो चित्रपट पदरांत पाडून घेतला. त्यांतला एक अभंग शांताराम आठवल्यांनीं रचलेला असून पुष्कळांना तो प्रत्यक्ष तुकोबांचाच वाटला, हें ऐकून मुलांना मोठी गंमत वाटली.

१९५५ साठीं गीतरामायण घ्यावें यांत दुमत नव्हतें, कारण सुधीर फडके जन्मानें कोल्हापूरचे. मात्र छप्पन्न गीतांतून एक निवडतांना चार तट पडले आणि तो निकाल अद्याप लागावयाचा आहे. १९६५ च्या ‘साधी माणसं’मधील ऐरणीपुढची प्रार्थना एकमतानें आली. संगीतकार ‘आनंदघन’ म्हणजे लता मंगेशकरच, हें नातवास ठाऊक नव्हतें. गीतकार जगदीश खेबूडकर हे शाळेंत शिकवीत, हेंही नव्हतें.

नंतर १९७२ साल आलें. इतका वेळ सुपाऱ्या कातरीत बसलेल्या वहिनी म्हणाल्या, “हें साल माझें. ‘पिंजऱ्या’तली लावणी लिहा.”

दादांची लेखणी थांबली. “अगं, मुलाबाळांत बसून लावणी कसली?”

“सकाळीं देवापुढें आपण भूपाळी म्हणतां ना, ती होनाजीची. त्यानें लावण्या केल्या नाहींत कीं काय? आणि आतांच जी प्रार्थना आपण कौतुकानें लिहून घेतलीत, ती ज्या मास्तरांची, त्यांचीच ही लावणी. राम कदमांची चाल, उषाबाईंचा आवाज. यांत वाईट काय आहे, तें सांगावें.”

दादा कांहीं बोलेनात. तेव्हां वहिनींनींच पुढें सांगितलें. त्या वर्षीं त्या नव्या नवऱ्या होत्या. घरांतील पुरुष मंडळी तो चित्रपट दोन वेळां पाहून आली. पण तमाशाचा विषय, म्हणून बायकांस नेलें नाहीं. शेजारच्या रेडिओवर गाणें लागलें कीं त्या तांदूळ निवडण्याचें निमित्त करून भिंतीशीं बसत. असें ऐकून ऐकून सगळीं गाणीं पाठ झालीं. “चित्रपट मात्र मीं अजून पाहिलेला नाहीं,” असें म्हणून त्यांनीं पुन्हां अडकित्ता हातांत घेतला.

दादांकडे पाहण्याचा आम्हांस धीर झाला नाहीं, कारण त्या दोन्ही वेळां आम्ही त्यांच्याबरोबर होतों. बंदी वडिलांची होती हें खरें. पण वडील वारल्यावरही कित्येक वर्षें लोटलीं, आणि वहिनींस विचारावें असें आम्हां दोघां भावांपैकीं एकासही सुचलें नाहीं. वादांत बोलावयास आमच्याजवळ पुष्कळ होतें. यावर कांहींच नव्हतें.

नातवानें तेवढ्यांत मोबाईल काढून “आजी, आत्तांच लावतों,” असें म्हटलें. वहिनी म्हणाल्या, “आतां नको. उद्यां दुपारीं, माझीं कामें आटोपल्यावर, मोठ्या पडद्यावर लाव. सुनांनाही बोलाव. पुरुषांनीं आंत येऊं नये.”

दादांनीं १९७२ पुढें लावणीचें नांव स्वच्छ अक्षरांत लिहिलें. दुसऱ्या दिवशीं माजघराचें दार अडीच तास बंद होतें. आम्ही दोघे ओसरीवर बसून होतों, आणि त्या दिवशींचा चहा आमचा आम्हींच केला. वहिनींना चित्रपट कसा वाटला, हें आम्हीं विचारलें. “गाणीं चांगलीं आहेत. मास्तरांनीं एवढें वाहवत जावयास नको होतें,” इतकेंच त्या म्हणाल्या.

१९७३ पासूनचीं वर्षें तुळशीच्या लग्नाच्या रात्रीं घ्यावयाचीं ठरलें असून, त्या खेपेस लेखणी वहिनींच्या हातीं राहील.