सिनेमा पाहिला, मत कोणाचे?

आपल्या मालवणी मुलखातला माणूस अडाणी आहे, असे कोण म्हणेल? बांगड्याचा कल्ला उचलून तो आजचा की कालचा, हे आमची बाई पाटीवरच सांगते. भाताचा दाणा दाताखाली घालून ते पुरते वाळले की नाही, हे शेतकरी सांगतो. फळी ठोकून ती भरीव की किडकी, हे मेस्त्री सांगतो. या कामी कोणी शास्त्रीपंडिताला विचारायला जात नाही. पण हीच शहाणी माणसे सिनेमा पाहून बाहेर आली आणि 'कसो होतो?' म्हणून कोणी विचारले, की उत्तर ठरलेले: 'बरो होतो.' बरा म्हणजे काय बरा? तर 'पेपरात बरा लिवलेला आसा', 'कोटींनी कमावल्यान', 'मुंबैचे लोक रडले म्हणे'. म्हणजे तिकीट आपले, डोळे आपले, एस्. टी. चे भाडे आपले, तिकीट शंभरावर गेले तर शेकडा १८ चा करही आपला. आणि मत मात्र परक्याचे! दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्याची ही खोड कधी जायची?

कोणी म्हणेल, 'अहो, सिनेमा ही घटकाभराची करमणूक. तिच्यासाठी एवढा अग्रलेख कशाला?' ठीक आहे. सिनेमा जर केवळ करमणूक असेल, तर त्याला कात्री लावणारे इतके जागे का असतात? १९३५ साली प्रभात कंपनीने अस्पृश्यांना जवळ करणाऱ्या संत एकनाथांवर बोलपट काढला. त्याचे नाव होते 'महात्मा'. मुंबईच्या सेन्सॉरला ते नावच खुपले, आणि बोलपट 'धर्मात्मा' म्हणून बाहेर आला. ही झाली इंग्रजी अंमलातली गोष्ट. आता ९० वर्षांनंतरची ऐका. २०२५ साली 'फुले' हा हिंदी चित्रपट तयार झाला. तो ११ एप्रिलला, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीला यायचा होता. त्याची नुसती झलक पाहून काही ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली. सेन्सॉरने 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढायला लावले. 'तीन हजार वर्षांची गुलामगिरी' हे वाक्य बदलून 'कित्येक वर्षांची' करायला लावले. अखेर चित्रपट २५ एप्रिलला लागला. म्हणजे पाहा, ज्यांनी चित्रपट पाहिला नव्हता, त्यांचे मत एवढे वजनदार, की त्याने तारीख हलली आणि शब्द उडाले. आणि ज्यांनी पैसे मोजून पाहिला, त्यांचे मत काय? 'बरो होतो.' बंधूंनो, न पाहणाऱ्याचे मत चालते आणि पाहणाऱ्याचे चालत नाही, याला दोष नुसता त्यांना देऊन भागणार नाही. त्यांना बोलता येते म्हणून ते बोलले. आपण का गप्प बसलो?

'सिनेमा ही मोठ्या लोकांची विद्या, आम्हाला त्यात काय कळणार?' असेही काही भोळे बांधव म्हणतात. त्यांनी थोडा इतिहास कानावर घालून घ्यावा. १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटात तारामती झाले अण्णा साळुंके. ते मुंबईच्या एका खाणावळीत स्वयंपाकी होते. स्त्री मिळेना, म्हणून फाळक्यांनी त्यांना लुगडे नेसवले. आपल्या दशावतारात रात्र रात्र राणीचे काम करणाऱ्या गड्याला यात नवल ते काय? पुढे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर पाहा. जगाने त्यांना पेंटर म्हटले. घरचे आडनाव मेस्त्री. हे कारागिराचे पोर. परदेशी यंत्र घ्यायला पैसा नव्हता, म्हणून दामल्यांना हाताशी धरून त्यांनी कॅमेरा स्वतः घडवला. त्यावर १९२० साली 'सैरंध्री' काढला. १९२५ साली 'सावकारी पाश' काढला. त्यात सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी गाव सोडून गिरणीत जातो. अशी घरे कोकणात वाडीवाडीला होती. तेव्हा सिनेमाचे यंत्र घडवणारा मेस्त्री, पहिली नायिका होणारा स्वयंपाकी, आणि पडद्यावरचे खरे दुःख शेतकऱ्याचे. मग सिनेमावर मत देण्याचा अधिकार कोणाचा? ज्याचे जळते त्यालाच कळते!

आता आपल्या बोलीची दशा पाहू. मराठी नाटक-सिनेमांत मालवणी बोलणारा माणूस पूर्वी कोठे दिसे? स्वयंपाकघरात! मुंबईच्या बिऱ्हाडात धुणीभांडी करणारा 'रामा गडी'. मालक शुद्ध बोलणार, रामा मालवणी बोलणार, आणि प्रेक्षक हसणार. १९८० साली गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणीला रंगमंचाच्या मधोमध आणून बसवले. तेथे हसू होते. पण ते आपण आपल्यावर हसलेले हसू होते. चाकराला पाहून धनी हसतो ते हसू वेगळे. हा फरक ज्याला कळत नाही, त्याला मीठ आणि साखर एकच. पुढे २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका आली. आपल्याच आकेरीत तिचे चित्रण झाले, आपल्या मुलखातल्या कलावंतांना काम मिळाले, घरोघर मालवणी ऐकू गेली. हे तिचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. पण कोकण म्हटले की भूत, करणी आणि भाऊबंदकी, एवढेच का दिसावे? त्या वेळी जिल्ह्यातून निषेध झाला, तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. मात्र निषेध करणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या दारचा देवस्कीचा धंदा बंद केला, हाही प्रश्न आम्ही विचारणारच. पडद्यावरचे भूत काढा म्हणायचे आणि घाडवसाच्या पुढ्यात नारळ ठेवायचा, हे दोन्ही एकदम कसे जमावे?

आता ज्या सिनेमाने हा सारा मुलूख हलवला त्याकडे वळू. १२ सप्टेंबर २०२५ रोजी सुबोध खानोलकरांचा 'दशावतार' लागला. डोळे अधू होत चाललेला म्हातारा दशावतारी बाबुली मेस्त्री, त्याचा मुलगा माधव, आणि गावच्या रानावर टपलेली खाण, अशी ही कथा. बाबुली झाले आहेत, चित्रपट लागला तेव्हा ८१ वर्षांचे असलेले दिलीप प्रभावळकर. आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो: चित्रपट पाहण्याजोगा आहे. एक मेस्त्री, एक सोंगाड्या, एक गरीब म्हातारा कथेच्या मध्यभागी बसतो, त्याच्या बोलीला कोणी हसत नाही, आणि खाणीसारखा जिवंत प्रश्न पडद्यावर येतो, ही गोष्ट लहान नाही. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा.

पण स्तुती झाली म्हणजे विचार संपला असे नाही. या चित्रपटात अन्याय निवारतो तो अवतार. बाबुली सोंगे घेतो आणि दुष्टांचा फडशा पाडतो. टाळ्या पडतात, डोळे ओले होतात, लोक समाधानाने घरी जातात. आमचा प्रश्न एवढाच: दोडामार्गातल्या कळण्याला कोणता अवतार आला? जुलै २०२१ मध्ये भर पावसात कळण्याच्या लोहखाणीचा बांध फुटला. लाल चिखलाचा लोंढा शेता-बागायतीत आणि घरांत शिरला. तेव्हा ना मत्स्य धावला, ना वराह. त्याआधी वर्षानुवर्षे लढली ती हाडामांसाची माणसे. सावंतवाडी-दोडामार्गच्या पट्ट्यातल्या ग्रामसभांनी ठराव केले, 'आम्हाला खाण नको, आमचे गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या.' लोक न्यायालयात गेले. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने या पट्ट्यातली २५ गावे संवेदनशील जाहीर करण्याविषयी केंद्र सरकारला फर्मावले. हे काम सुदर्शनचक्राने झाले नाही. ठरावाच्या वहीने, सह्यांनी आणि अंगठ्यांनी झाले.

आणखी एक. सिनेमातला दुष्ट ओळखायला सोपा असतो. त्याच्या चेहऱ्यावरच दुष्टपणा लिहिलेला असतो, आणि मागून वाद्येही तसलीच वाजतात. गावात येणारी खाण अशी वाजतगाजत येत नाही. ती नोकरीचा कागद घेऊन येते. डंपरला भाडे देते. देवळाच्या जीर्णोद्धाराला देणगी देते. सामायिक सातबाऱ्यावरचा मुंबईतला भाऊ गावातल्या भावाला न विचारता सही करतो. आणि पोराला दुसरे काम नाही म्हणून बापच म्हणतो, 'जा बाबा, चार पैसे तरी मिळतील.' अशा बापाला आम्ही दुष्ट कसे म्हणावे? पोटाचा प्रश्न खोटा नाही. पण डोंगर एकदा पोखरला, झऱ्याचे पाणी आटले, भाताच्या मळ्यात लाल गाळ बसला, की नोकरी आटोपल्यावर त्या पोराने परतायचे कोठे? हा हिशेब ज्या सिनेमात नाही, तो आपण प्रेक्षकांनी बाहेर येऊन मांडला पाहिजे. सिनेमा अर्धा पडद्यावर असतो. उरलेला अर्धा चहाच्या दुकानात बोलायचा असतो.

आणि खऱ्या बाबुलीचे काय? वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आजगावकर, चेंदवणकर अशी मंडळे पिढ्यानपिढ्या जत्रेजत्रेला खेळ करीत आली. लिहिलेले नाटक नाही, पाठ केलेले भाषण नाही. संध्याकाळी आख्यान ठरते आणि पेटी-मृदंगाच्या साथीवर ते पहाटेपर्यंत ऐनवेळी बोलून उभे करतात. रंग स्वतः लावायचा, पेटारा स्वतः वाहायचा, पावसाळ्यात पुन्हा नांगर धरायचा. सिनेमात बाबुलीसाठी रडणारा प्रेक्षक जत्रेत मात्र मध्यरात्री आख्यान टाकून घरी जातो, किंवा मोबाईलात तोंड घालून बसतो. वाहवा रे आमचे प्रेम! पन्नाशी उलटलेल्या वृद्ध कलावंतांसाठी सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे. २०२४ साली ते मानधन दरमहा ५ हजार रुपये झाले. तुमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या दशावताऱ्याचा अर्ज कोणी भरून दिला आहे काय? सिनेमागृहातल्या दहा आसवांपेक्षा तो एक अर्ज अधिक मोलाचा.

आमच्याच लोकांचीही एक खोड येथे सांगून टाकतो. नायक आपल्या जातीचा, दिग्दर्शक आपल्या तालुक्याचा, म्हणून सिनेमा चांगला. आणि दुसऱ्या जातीचा, म्हणून टाकाऊ. ही परीक्षा नव्हे. ही तर जुनीच सोवळे-ओवळ्याची रीत, फक्त उलटी नेसलेली. 'दशावतार' खानोलकरांनी काढला म्हणून चांगला नाही, आणि प्रभावळकर मालवणचे नाहीत म्हणून वाईटही नाही. माल पाहावा, दुकानाची पाटी पाहू नये.

मग मत द्यायचे कसे? आम्ही चार प्रश्न सुचवितो. ते पाठ करायला बी. ए. व्हावे लागत नाही. पहिला: या सिनेमात राबणारा माणूस खरोखर राबताना दिसला काय, की तो शोभेपुरता डोक्यावर पाटी घेऊन गेला? दुसरा: हसू आले ते कोणाला पाहून आले? तिसरा: संकट टळले ते कोणाच्या हाताने, देवाच्या, एकट्या नायकाच्या, की गावाच्या? आणि चौथा: आपल्या गावात चित्रण झाले, आपला समुद्र, आपली घरे, आपली बोली वापरली गेली, पण तंबू उठल्यावर गावात काय राहिले? जो सिनेमा या चारांना उत्तर देईल त्याला मोकळ्या मनाने चांगला म्हणा. जो दोहोंना देईल त्याला अर्धा चांगला म्हणा. जो एकालाही देणार नाही, त्याने शंभर कोटी कमावले तरी 'आमचे पैसे बुडाले' असे बेधडक सांगा.

आणि हे मत फक्त पुरुषांनी देऊन चालायचे नाही. घरच्या बाईला विचारा. १९३६ सालच्या 'संत तुकाराम' बोलपटात सारे गाव तुकोबांचा जयजयकार करीत असताना आवली विचारते, पोरांच्या पोटाला काय घालू? लोक तिला कजाग म्हणून हसले. पण साऱ्या बोलपटात घरातल्या चुलीकडे पाहणारी तीच एकटी. विमान तुकोबांसाठी आले. आवली मागे राहिली. प्रत्येक सिनेमाला आवलीचा हा प्रश्न विचारला, तर निम्मे सिनेमे तेथेच घामाघूम होतील.

वाचकहो, सिनेमा वाईट आहे, तो पाहू नका, असे सांगणारे सोवळे उपदेशक आम्ही नव्हे. राबून थकलेल्या जिवाला दोन घटका सुख हवे. जरूर जा, बायकापोरांना घेऊन जा. पण येताना आपले डोळे खुर्चीवर विसरून येऊ नका. येत्या जत्रेत, ग्रामसभेत, पोरांच्या शाळेत, या चार प्रश्नांवर एकमेकांशी बोला. बोलता बोलता मतभेद होतील, होऊ द्या. उद्या कोणी शब्द उडवायला आला, तर 'हा शब्द आमचा आहे, तो राहू दे' असे म्हणणारी जीभ त्याच बोलण्यातून तयार व्हायची आहे. आणि उद्या कोणी डोंगर उडवायला आला, तर त्याला अडवणारीही तीच.