मोकळी जागा कोणाची?

प्रवासास निघालेला मनुष्य दोन गोष्टींचा विचार अगोदर करतो: राहावयाचे कोठे आणि पाहावयाचे काय. आपले वाहन उभे करावयाचे कोठे, ही तिसरी गोष्ट मात्र मुक्कामी पोहोचेपर्यंत त्याच्या मनातही येत नाही. जागा दिसली की वाहन उभे करावे, कुलूप लावावे आणि चालू लागावे; यात विचार तो कसला करावयाचा, असे पुष्कळांना वाटते. मलाही एके काळी तसेच वाटत असे. परंतु हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही, हे मला शिर्डी येथे एका दिवसात समजले. आणि ते समजण्यास दुसऱ्या कोणाची नव्हे, माझीच चूक कारणीभूत झाली.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील शिर्डी हे गाव तुम्हांपैकी अनेकांनी पाहिले असेल. १९१८ साली साईबाबांनी देह ठेवला, तेव्हा ते एक लहानसे खेडे होते. आज तेथे देशाच्या सर्व भागांतून भाविक येतात. २०१७ साली जवळच काकडी येथे विमानतळ सुरू झाला. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि मोटारीने येणाऱ्यांची वाट सोपी झाली. दर्शनाबरोबर मुलाबाळांची करमणूकही व्हावी, म्हणून आता कुटुंबेच्या कुटुंबे तेथील साईतीर्थ हे थीम पार्क पाहतात, वॉटर पार्कमध्ये दिवस घालवितात आणि आसपासच्या हॉटेलांत उतरतात. माणसे वाढली, वाहने वाढली. गावची जमीन मात्र होती तेवढीच राहिली.

मी मुख्याध्यापक असताना एका फेब्रुवारी महिन्यात आमच्या शाळेची सहल शिर्डीस गेली होती. रात्री आम्ही एका हॉटेलात उतरलो. सकाळी दर्शन झाले, दहाच्या सुमारास आम्ही खोल्या सोडल्या आणि पैसे चुकते केले. पुढचा कार्यक्रम वॉटर पार्कचा होता. तेथे वाहनतळ होता, पण त्याचे शुल्क द्यावे लागणार होते. मी चालकाला म्हणालो, “गाडी येथेच राहू द्या. आवार मोकळेच आहे. मुले चालत जातील.” आमची बस फाटकाच्या आतल्या बाजूस उभी राहिली. चालकही मुलांबरोबर आला. गाडीची चावी त्याच्या खिशात होती. शाळेचे थोडे पैसे वाचविल्याचे मला समाधान वाटले, हे कबूल करावयास हवे.

सायंकाळी चार वाजता आम्ही परतलो. हॉटेलचे व्यवस्थापक पायरीवर उभे होते. ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, “गुरुजी, दुपारी वरच्या मजल्यावरच्या एका आजींना धाप लागली. त्यांच्या मुलाची मोटार तुमच्या बसमागे अडकली होती. चावी कोणाकडे आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. १०८ ला फोन केला, पण ती गाडीही फाटकाबाहेरच थांबली. शेवटी आमच्या पोरांनी आजींना खुर्चीवर बसवून रस्त्यापर्यंत उचलून नेले.”

“आता कशा आहेत त्या?” मी कसेबसे विचारले.

“बऱ्या आहेत. मघाशीच मुलाचा फोन आला होता.”

माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात सातवीतील एक विद्यार्थी हळूच म्हणाला, “सर, बस येथे ठेवण्यापूर्वी आपण यांना विचारले होते का?”

तीस वर्षे मी मुलांना प्रश्न विचारीत आलो होतो. त्या दिवशी एका मुलाने मला प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर ‘नाही’ एवढेच होते.

मुलांनो, त्या दिवसापासून मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. आमच्या हातून नेमकी चूक कोणती झाली? आम्ही कोणाचे काही चोरले नाही, कोणाला अपशब्द बोललो नाही. आम्ही इतकेच मानले, की जी जागा मोकळी दिसते ती कोणाचीच नाही. सर्व अनर्थाचे मूळ या समजुतीत आहे. मोकळी जागा ही कोणासाठी तरी मोकळी ठेवलेली असते. हॉटेलच्या आवारातील जागा तेथे येणाऱ्या पाहुण्यासाठी असते. फाटकासमोरची जागा येण्याजाण्यासाठी असते. जिन्याजवळची जागा आजारी व अपंग माणसासाठी असते. जागा रिकामी दिसते याचा अर्थ एवढाच, की जिच्यासाठी ती राखली आहे ती व्यक्ती अजून यावयाची आहे.

यावर कोणी म्हणेल, “आम्ही हॉटेलचे पैसे दिले आहेत, मग आमची मोटार तेथे दिवसभर राहिली म्हणून काय बिघडले?” हा युक्तिवाद वरवर पाहता बरोबर वाटतो. पण थोडे गणित करून पाहा. एक मोटार उभी करण्यास साधारणपणे पाच मीटर लांब व अडीच मीटर रुंद, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरतात. ही एका लहानशा खोलीएवढी जागा झाली. मुदत संपल्यावर आपण हॉटेलची खोली अडवून बसत नाही. तसे करणे असभ्यपणाचे आहे, हे आपणांस कोणी सांगावे लागत नाही. मग खोलीएवढीच अंगणातली जागा न विचारता अडवून ठेवणे सभ्यपणाचे कसे होईल? पैसे आपण मुक्कामाचे दिलेले असतात आणि मुक्काम संपला की तो हक्कही संपतो. त्यानंतर जे मिळते ते यजमानाचे सौजन्य होय. आणि सौजन्य हे मागून घ्यावयाचे असते, गृहीत धरावयाचे नसते.

आता दुसरीकडे काय घडते तेही पाहा. आपण खोली सोडून मोटार तशीच ठेवली आणि थीम पार्क पाहावयास गेलो. दुपारी त्याच खोलीत नवे कुटुंब येते. त्यांना आवारात जागा मिळत नाही, म्हणून ते आपली मोटार रस्त्याच्या कडेला लावतात. रस्ता तेवढा अरुंद होतो. एसटीची बस तेथे अडखळते आणि पायी चालणारा भाविक कडेवरून रस्त्याच्या मध्यभागी ढकलला जातो. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमी या शिर्डीच्या मोठ्या उत्सवांच्या वेळी तर मुंबईसारख्या दूरच्या गावांहून पालख्या घेऊन माणसे पायी येतात. दूरवरून चालून आलेल्या त्या थकल्या पावलांना गावच्या वेशीत वाट मिळू नये, आणि तीही आपण काही रुपये वाचविले म्हणून, यासारखी लाजिरवाणी गोष्ट कोणती?

याबाबत कायदा नाही असे नाही. धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन सोडून जाऊ नये, असे १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो. २०१९ साली त्यात दुरुस्ती झाली आणि रुग्णवाहिकेला किंवा अग्निशमन दलाच्या गाडीला वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपये दंडाची तरतूद करण्यात आली. परंतु प्रत्येक हॉटेलच्या अंगणात पोलीस उभा राहू शकत नाही, आणि राहूही नये. जेथे पोलीस नसतो तेथे माणसाची खरी परीक्षा होते.

याच जिल्ह्यात नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर येथे घरांना दारे व कुलपे न लावण्याची जुनी परंपरा आहे. २०११ साली एका बँकेने तेथे कुलपाविना शाखा उघडली, तेव्हा देशभर तिची चर्चा झाली. त्या गावात उघड्या घरासमोरून जाणारा मनुष्य ‘दार नाही, म्हणजे आत शिरावयास हरकत नाही’ असे समजत नाही. उघडे असणे निराळे आणि आपले असणे निराळे, हे तेथील लहान मूलही जाणते. हाच विवेक आपण हॉटेलच्या उघड्या फाटकाशी का दाखवू नये?

माझ्या लहानपणी गावात मोटारी नव्हत्या, बैलगाड्या होत्या. आठवड्याच्या बाजाराला मी वडिलांबरोबर गाडीतून जात असे. बाजारतळाजवळ कोणाच्या तरी वावराच्या कडेला गाडी सोडावयाची असे. वडील प्रथम त्या शेतकऱ्याच्या झोपडीशी जात आणि विचारीत, “पाटील, गाडी सोडू का येथे?” त्याने मान हलविल्यावरच ते बैल सोडीत. गाड्या एका ओळीत उभ्या राहत आणि मध्ये एक गाडी सहज बाहेर पडेल एवढी वाट राखलेली असे. “कोणाला घाई असेल, ते आपल्याला काय ठाऊक?” असे वडील म्हणत. ते शाळेत फारसे शिकलेले नव्हते. मी एम. ए. झालो, पण शिर्डीच्या त्या दुपारी वडिलांचा तो धडा मला आठवला नाही.

आपल्या जिल्ह्याला तर सहकाराची थोर परंपरा आहे. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळांच्या साहाय्याने सहकारी साखर कारखाना उभारला आणि शेतकऱ्यांनी एकत्र येऊन केवढे कार्य करता येते हे देशाला दाखवून दिले. कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्या नंबराने उभ्या राहतात. आपला नंबर येईपर्यंत गाडीवान थांबतो. दुसऱ्याची वाट अडविली तर अखेरीस आपलाही ऊस अडेल, हे त्याला कळते. सहकार म्हणजे केवळ भागभांडवल नव्हे. आपल्याबरोबर दुसऱ्याचीही सोय पाहण्याची ती सवय आहे.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. सगळा भार प्रवाशावर टाकून चालणार नाही. हॉटेलचालकांनी आवारात रेषा आखाव्यात, खोली सोडल्यावर वाहन ठेवता येईल की नाही हे फलकावर स्पष्ट लिहावे आणि अडचणीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट कायम मोकळी राखावी. थीम पार्कच्या चालकांनी वाहनतळाचे शुल्क माफक ठेवावे. नगरपालिकेने वाढत्या वाहनांसाठी वेळीच जागा राखावी. परंतु इतरांनी आपले कर्तव्य केले नाही, म्हणून आपणही आपले करू नये, हा काही तर्क नव्हे.

तुम्ही म्हणाल, “आम्ही तर मोटार चालवीत नाही, मग हे आम्हांला कशासाठी?” मोटार चालविण्याचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो हे खरे, पण विचारण्यास परवाना लागत नाही. सहलीला जाल तेव्हा वडिलांना किंवा काकांना नम्रपणे म्हणा, “आपण विचारू या का?” खोली सोडल्यावर वाहन ठेवावयाचे असेल तर परवानगी घ्यावी आणि ‘नाही’ असे उत्तर आले तर ते हसतमुखाने स्वीकारावे. वाहन आखलेल्या रेषेत, फाटक व जिना सोडून उभे करावे. काचेमागे फोन क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी, म्हणजे गरज पडताच आपणांस बोलावता येईल. पहाटे निघताना भोंगा वाजवून निजलेल्यांची झोप मोडू नये. आणि उन्हातान्हात उभे राहून वाहनांना वाट दाखविणाऱ्या रखवालदाराशी दोन गोड शब्द बोलावेत. यांपैकी कोणत्याही गोष्टीला पैसा लागत नाही.

पुढील वर्षी आमची सहल पुन्हा शिर्डीस गेली. या वेळी बस वॉटर पार्कच्या वाहनतळावर उभी राहिली आणि शुल्क मी स्वतः दिले. बसमधून उतरून पाहतो तो समोरच्या काचेमागे एक चिठ्ठी होती. तिच्यावर एका मुलाने सुवाच्य अक्षरात चालकाचा फोन क्रमांक लिहिला होता आणि खाली एक ओळ जोडली होती: ‘अडचण झाल्यास बोलवावे. आम्ही लगेच येऊ.’

सहल संपल्यावर ती चिठ्ठी मी जपून ठेवली. त्या वर्षी माझ्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या सर्व निबंधांत मला ती एक ओळ श्रेष्ठ वाटते.