सर्पगंधा आणि तिची चारपानी बहीण

उतारवयात रक्तदाबाची गोळी घरोघरी असतेच. तिच्या जोडीला कुणी ना कुणी सर्पगंधाचे चूर्ण सुचवितो. परंतु वणीच्या बाजारात जडीबुटीवाल्याने पुढे केलेला मुळीचा वाळका तुकडा सर्पगंधाचाच आहे, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणे फार कठीण असते.

सर्पगंधा हे कण्हेरीच्या कुळातील लहानसे झुडूप. पेरावर बहुधा तीन पाने, फुले पांढरी, त्यांची नळी व देठ लालसर. तिची बहीण उष्ण अमेरिकेतून आपल्याकडे आली. तिच्या पेरावर चार लहानमोठी पाने असतात व फुले बारीक, हिरवट पांढरी असतात. सोयीसाठी तिला चारपानी म्हणू.

दोघींचे दैव मात्र वेगळे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधाचा रक्तदाबावरील गुण ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडला. १९५२ साली तिच्या मुळीतून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि मागणी अफाट वाढली. मुळी हवी म्हणजे झाड समूळ उपटणे आले. त्यामुळे रानातील सर्पगंधा विरळ होत गेली. १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटिस’ कराराचे नियंत्रण आहे. चारपानी मात्र पडीक जागी, रस्त्याकडेला सुखाने वाढते. म्हणूनच दुर्मीळ मुळीत तिची भेसळ होते.

चारपानीतही रेसर्पीन असते. पण दोघींतील द्रव्यांचे प्रमाण सारखे नसते. त्यामुळे चिमूटभर चूर्णातून किती औषध पोटात गेले, हे कळत नाही. गोळीच्या जोडीला ते घेतल्यास दाब एकदम उतरून भोवळ येऊ शकते, वृद्ध व्यक्ती पडू शकते. सुस्ती, नाक चोंदणे, मंद नाडी, हातांना कंप आणि मनाची उदासी हेही रेसर्पीनचे ज्ञात दुष्परिणाम आहेत. उदासीला ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नये.

शुश्रूषा करणाऱ्यांनी घरातील चूर्णांची नावे गोळ्यांच्या यादीतच लिहावीत व ती यादी डॉक्टरांना दाखवावी. नैराश्य किंवा जठरव्रण असलेल्यांनी सर्पगंधा टाळावी. चालू गोळी मनाने बंद करू नये. वैद्यांनी सर्पगंधा दिलीच, तर लागवडीच्या मुळीपासून बनविलेले, परवानाधारक उत्पादकाचे औषध घ्यावे. त्यात रुग्णाची सुरक्षितता आहे आणि रानातील उरलेल्या झुडपांचीही.