भुताच्या माथी खापर

नवरात्रात नाशिकला कालिका देवीची यात्रा भरते. उंच आकाशपाळणे फिरू लागतात, आणि वर्षभर राबणारी कुटुंबे चार घटकांचा विरंगुळा शोधीत तेथे येतात. अशा यात्रांत आणि अलीकडच्या क्रीडोद्यानांत पुष्कळदा एखादा भूतबंगलाही असतो. तिकीट काढून भ्यावे आणि हसत बाहेर पडावे, यात वावगे काही नाही. परंतु एखाद्या खेळात माणूस खरोखरच दगावतो आणि कालांतराने त्या जागी ‘काहीतरी दिसते’ अशी वदंता पसरते, तेव्हा मृत्यूच्या कारणांची चर्चा मागे पडून भुताची सुरू होते.

नाशिककरांना हा प्रकार अपरिचित नाही. कसारा घाटात रात्री बिनमुंडक्याची म्हातारी दिसते, ही कथा मुंबई–नाशिक रस्त्यावर वर्षानुवर्षे सांगितली जाते. घाटातली अवघड वळणे, पावसाळ्यातले दाट धुके, उतारावर तापून निकामी होणारे ब्रेक आणि अपुऱ्या झोपेनिशी गाडी हाकावी लागणारा चालक, यांचा विचार करणे कष्टाचे असते. अपघाताचे खापर म्हातारीवर फोडले की सारेच सुटतात.

क्रीडोद्यानाचा एक विदारक दाखला अमेरिकेतील आहे. न्यू जर्सी राज्यातील सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर या उद्यानातल्या भूतबंगल्याला 11 मे 1984 रोजी आग लागून आठ किशोरवयीन मुले मृत्युमुखी पडली. मालवाहू गाड्यांचे डबे एकमेकांना जोडून तो उभारला होता; आग लागताच आपोआप सुरू होणारे पाण्याचे फवारे तेथे नव्हते. काही मृतदेह प्रथम खेळातले पुतळेच वाटले. कंपनीवर खटला झाला. आग कोणीतरी लावली, असा बचाव करण्यात आला आणि 1985 मध्ये ज्यूरीने कंपनीला निर्दोष ठरविले. तथापि, पाण्याचे फवारे का नव्हते, हा प्रश्न त्या निर्णयाने मिटत नाही.

आपल्याकडची स्थिती निराळी नाही. 14 जुलै 2019 रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी एक फिरता खेळ मोडून दोघे ठार झाले. 25 मे 2024 रोजी राजकोटच्या खेळघराला लागलेल्या आगीत 27 जण गेले. त्यांत मुलेही होती. अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला नसताना ते चालू होते. गुजरात उच्च न्यायालयाने ही प्रथमदर्शनी मानवनिर्मित आपत्ती असल्याचे म्हटले. ‘मानवनिर्मित’ हा शब्द आम्हांला महत्त्वाचा वाटतो. भुताला परवाना लागत नाही, नफा होत नाही आणि त्याच्यावर खटलाही भरता येत नाही. मालकाला याहून सोयीचा आरोपी कोठे मिळणार?

शोकाकुल कुटुंबांची चेष्टा करण्याचा आमचा हेतू नाही. अपमृत्यू झालेल्या आप्तासाठी त्र्यंबकेश्वरी नारायणबली करणाऱ्यांचे दुःख खरे असते. मात्र विधीने जबाबदारी निश्चित होत नाही. भुताखेतांच्या नावाने भीती पसरविण्याविरुद्ध महाराष्ट्राने 2013 मध्ये कायदा केला, तो योग्यच होता. पण त्या कायद्याने पाळण्याचा ढिला नट आवळला जात नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी भूत नाही एवढेच सांगून थांबू नये. प्रत्येक खेळाची तपासणी कोणी व कधी केली, त्याचा दाखला तिकीटखिडकीवर मराठीत लावण्याचा आग्रह धरावा. पाळणा चालविणाऱ्या हंगामी मजुराला प्रशिक्षण, विश्रांती व विमा मिळतो काय, हे विचारावे; कारण अपघात झाला की सर्वांत हाताशी सापडणारा तोच असतो. अपघाताच्या चौकशीचा अहवाल जनतेसमोर यावा, यासाठी पाठपुरावा करावा. जेथे चौकशी पुरी होते आणि दोषी ठरतात, तेथे भुतांना वस्तीला जागा उरत नाही.