गोषवारा : विद्वत्सभेस दिलेले वचन

परिषदेचे पहिले परिपत्रक आले की आपल्या वैद्यवर्गात ठरावीक हालचाल सुरू होते. कोणी नोंदणीशुल्काची व मुक्कामाची चौकशी करतो, कोणी गोषवारा पाठविण्याची अंतिम तारीख पाहून ते परिपत्रक खणात ठेवतो आणि त्या तारखेच्या आदल्या रात्री पुन्हा बाहेर काढतो. आम्हीही अनेक वर्षे या दुसऱ्या वर्गातच मोडत होतो. त्यामुळे पुढील विवेचनात जो दोषारोप आहे, तो प्रथम आम्ही आमच्यावरच करीत आहोत.

विद्वत्सभा ही आपल्या शास्त्राला कोणी बाहेरून शिकविलेली गोष्ट नव्हे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार सविस्तर वर्णिले आहेत. सूत्रस्थानात रससंख्येवर ऋषींचे परस्परविरोधी पक्ष मांडले आहेत व ते ऐकून घेतल्यावरच पुनर्वसु आत्रेय निर्णय देतात. अर्वाचीन काळात शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ साली नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाची मुहूर्तमेढ रोवली. पुढे जागतिक आयुर्वेद परिषद २००६ मध्ये पुण्यास, २०२२ मध्ये गोव्यात आणि २०२४ मध्ये देहरादून येथे भरली. सभा वाढल्या, मंडप मोठे झाले. सभेत मांडावयाच्या वचनाचे वजन मात्र त्याच प्रमाणात वाढले काय, हा आमचा प्रश्न आहे.

आमचाच एक अनुभव सांगतो. २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. अत्यवस्थ रुग्णांचे स्थान शासकीय रुग्णालयातच होते, आणि तसे रुग्ण आमच्याकडे आले तेव्हा आम्ही त्यांस क्षणाचाही विलंब न लावता तिकडेच धाडले. परंतु त्यातून वाचून घरी परतलेले व सौम्य त्रास झालेले कितीतरी जण पुढील काही आठवडे नेत्रदाह, कंडू, अरुची, हातापायांस मुंग्या अशी लक्षणे घेऊन आमच्याकडे येत राहिले. आम्ही औषधे दिली. काहींस उतार पडला, काहींस पडला नाही, काही पुन्हा आलेच नाहीत.

वर्षभराने अगदतंत्रावरील एका चर्चासत्रासाठी आम्ही याच विषयावर गोषवारा लिहिला. ‘बहुसंख्य रुग्णांत उपशय मिळाला’ असे त्यात ठोकून दिले. गोषवारा स्वीकृत झाला. सभेत एका ज्येष्ठ वैद्यांनी शांतपणे विचारले, “बहुसंख्य म्हणजे कितींपैकी किती? आणि फवारले होते ते द्रव्य कोणते?” आमच्या नोंदवहीत रुग्णाचे नाव, गाव आणि ‘दाह, कंडू’ एवढीच अक्षरे होती. आम्ही निरुत्तर झालो. लाज वाटली ती सभेत हसे झाले म्हणून नव्हे. ज्या व्याधिसमूहाचे निरीक्षण करण्याची संधी आपल्या जिल्ह्यातील वैद्यांस मिळाली होती, ती आम्ही नोंदीअभावी दवडली, याची खरी लाज वाटली. ते रुग्ण परत बोलावता येत नाहीत.

तेव्हापासून आमचे मत असे झाले आहे की, गोषवारा अंतिम तारखेच्या आदल्या रात्री लिहिला जातो हा भ्रम आहे. तो रुग्णाच्या पहिल्या केसपेपरवर लिहिला जातो. आदल्या रात्री आपण त्याची केवळ नक्कल करतो.

आपल्याकडे तंत्रयुक्तींची परंपरा आहे. सुश्रुताने ३२ व चरकाने ३६ तंत्रयुक्ती सांगितल्या. त्यांतील ‘उद्देश’ म्हणजे संक्षेपाने केलेले कथन आणि ‘निर्देश’ म्हणजे त्याचाच विस्तार. गोषवारा हा शोधनिबंधाचा उद्देश होय. जे विस्तारात नाही ते संक्षेपात येऊ शकत नाही, आणि संक्षेपात जे लिहिले त्याचे उत्तरदायित्व विस्तारात टाळता येत नाही. म्हणूनच ‘निष्कर्षांची चर्चा परिषदेत करण्यात येईल’ या वाक्याने संपणारा गोषवारा आम्हांस रिकाम्या पाकिटासारखा वाटतो. निष्कर्ष हाती नसेल तर त्या वर्षी गोषवारा पाठवू नये.

अडीचशे-तीनशे शब्दांत काय असावे? हेतू, पद्धती, निरीक्षण व निष्कर्ष हे चार भाग आता सर्वपरिचित आहेत. त्यांत रुग्ण किती, निदान कोणत्या निकषांवर केले, कल्प कोणता व कोणत्या ग्रंथोक्त पाठानुसार, मात्रा, अनुपान, काल, किती रुग्ण मध्येच सोडून गेले, कोणास अपाय झाला काय, हे अंकांत यावे. आमवात म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असे सरसकट समीकरण मांडू नये. दोन्ही निदाने स्वतंत्र आधारांसह लिहावीत. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात आयुर्वेदादी शास्त्रांतील निदानांसाठी स्वतंत्र विभाग खुला केल्यानंतर तर या काटेकोरपणास पर्यायच उरलेला नाही. रुग्णांवर नियोजित चाचणी करावयाची असेल तर नीतिसमितीची मान्यता हवी आणि भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत आधी नोंद हवी. १ एप्रिल २०१८ पासून तेथे पश्चात नोंदणी स्वीकारली जात नाही. चाचणी उरकून मग कागदपत्रे जमविण्याची आपली जुनी सवय आता चालणार नाही.

येथे खासगी व्यवसायी वैद्य म्हणतील, ‘दिवसभर रुग्ण पाहावेत की हे सोपस्कार करावेत?’ आक्षेप रास्त आहे. झरी-जामणी वा महागावच्या वैद्यापाशी ना सहायक, ना सांख्यिकी जाणणारा मित्र. पण त्याने चाचणीच मांडावी असा आग्रह कोणी धरलेला नाही. एका रुग्णाचे प्रामाणिक, तिथीवार वृत्त हाही मान्य शोधनिबंध आहे, आणि तो कसा लिहावा याची सर्वमान्य ‘केअर’ मार्गदर्शिका २०१३ पासून उपलब्ध आहे. रुग्णाची लेखी संमती, पहिल्या दिवसाची अवस्था, दिलेले औषध, प्रत्येक फेरीस दिसलेला बदल, इतके लिहिण्यास दिवसाकाठी दहा मिनिटे लागतात. ज्यांस इंग्रजीचे भय वाटते त्यांनी आधी मराठीत लिहावे. विचार स्वच्छ असेल तर भाषांतर कोणीही करून देईल.

आता फार्मसीधारक बंधूंस दोन शब्द. आपण वैद्यांस नमुने देता, परिषदांस साहाय्य करता, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. परंतु गोषवाऱ्याचे शीर्षक हे आपल्या उत्पादनाचे नाव आणि निष्कर्ष हे त्याचे जाहिरातपत्रक, अशी जी प्रथा रुळू पाहते आहे, तिने आपलेच नुकसान आहे. १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा ‘परिषदेत सादर’ या शिक्क्याने शिथिल होत नाही. त्याऐवजी आपण बॅच क्रमांक, घटकद्रव्यांची प्रमाणे व निर्मितीची तारीख वैद्यांस द्यावी. अनुसूची ‘टी’नुसार या नोंदी आपणापाशी असतातच. त्या गोषवाऱ्यात आल्या तर औषधाची व आपल्या उद्योगाची दोघांची प्रतिष्ठा वाढेल. साहाय्य घेतले असेल तर वैद्यानेही ते स्पष्ट लिहावे. त्यात कमीपणा नाही, लपविण्यात आहे.

आणि शेवटी, अपयशाविषयी. आपल्या परिषदांत शंभर गोषवारे वाचावेत तर शंभर वेळा उपशय भेटतो. प्रत्यक्ष दवाखान्यात असे कोणाचेच नशीब नसते. जे औषध चालले नाही, ज्या रुग्णास मात्रा मानवली नाही, ते लिहिणारा वैद्य पुढच्या वैद्याच्या रुग्णाचे रक्षण करीत असतो.

दरवर्षी पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात पुन्हा फवारणी होते. पुन्हा कोणीतरी डोळे चोळीत आपल्या दारी येईल. लक्षणे गंभीर असतील तर त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावेच. परंतु जो आपल्याकडे थांबेल त्याचे नाव-गाव लिहून लेखणी खाली ठेवू नये. द्रव्य कोणते, किती तास फवारले, तोंडावर फडके होते काय, हे विचारावे आणि लिहावे. पुढील परिषदेचे परिपत्रक येईल तेव्हा गोषवारा निम्मा लिहून झालेला असेल, आणि सभेत कोणी ‘कितींपैकी किती?’ असे विचारल्यास आपणास खाली पाहावे लागणार नाही.